शाळा सोडल्याचे कारण

२००८ साली आमच्या हायस्कूलला पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्याच उन्हाळ्यात मी सेवानिवृत्त झालो. चौतीस वर्षे इतिहास शिकवणारा माणूस रिकामा झालाच आहे, तर शाळेचा इतिहासही त्यानेच लिहावा, असे सुवर्णमहोत्सव समितीने ठरवले. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातले हे गाव. साधने विचारली, तेव्हा कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी कपाटातून जनरल रजिस्टरे काढून टेबलावर ठेवली. कापडी बांधणीची, कडा कुरतडलेली. एकेका विद्यार्थ्याला एकेक ओळ. नाव, जात, जन्मतारीख अंकी व अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण, शेरा. एका सकाळचे काम म्हणून बसलो आणि दोन महिने तिथेच बसून राहिलो.

शिक्षकाच्या आयुष्यात दरवर्षी एक निरोप ठरलेला असतो. त्या निरोपाच्या वेळी शिक्षकाला काय वाटते, याची नोंद इतिहासात कुठे सापडते का, हा प्रश्न मला तिथे पडला. हा लेख त्या शोधाचा आहे.

माझा पहिला निरोप समारंभ १९७५ सालचा, आणि तो दुहेरी होता. राज्यात जून १९७२ पासून आठवीत नवा आकृतिबंध सुरू झाला. ती मुले मार्च १९७५ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसली आणि त्याच वर्षी जुन्या अभ्यासक्रमाची अकरावीही बसली. एका शाळेतून एकाच वेळी दोन वर्ग बाहेर पडले. नोकरीला लागून मला वर्षही झाले नव्हते. शाळेला सभागृह नव्हते, म्हणून कडुनिंबाखाली सतरंज्या घातल्या. नववीच्या मुलांनी वर्गणी काढून चिवडा आणि पेढे आणले होते. जाणाऱ्यांनी शाळेला भिंतीवरचे घड्याळ भेट दिले. मुली रडल्या, मुले जमिनीकडे बघत राहिली. मग फोटो. पुढे खुर्च्यांवर आम्ही शिक्षक, मागे बाकांवर उभे राहिलेले दोन वर्ग.

मला बोलायला सांगितले, तेव्हा मीही तेच बोललो जे माझ्याआधीचे दोघे बोलले होते. लेक सासरी पाठवताना बापाला जसे वाटते तसे आज वाटते आहे. पुढची तेहेतीस वर्षे ही उपमा मी ऐकली आणि वापरली. मागे वळून पाहिले तर तिचे मूळ फार जुने आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला आश्रम सोडून निघते आणि कण्व गहिवरतात. कण्व आश्रमाचे कुलपती, म्हणजे मोठे गुरूच. पण तिथे त्यांचा गहिवर बापाचा आहे. गुरू म्हणून शिष्याला निरोप देताना दाटून आलेला कंठ माझ्या वाचनात तरी कुठे आला नाही. शिक्षकाला स्वतःचे शब्द नाहीत, म्हणून तो बापाचे उसने घेतो.

निरोपाचा विधी मात्र होता. अध्ययन संपले की समावर्तन. गृह्यसूत्रांत त्याचे तपशील आहेत. शिष्य स्नान करतो, मेखला उतरवतो, नवी वस्त्रे नेसतो, छत्री आणि पादत्राणे घेतो आणि स्नातक होऊन घरी परततो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य निघणाऱ्या शिष्याला उपदेश करतात. पुढे कसे वागावे, कोणाला मान द्यावा, दान कसे करावे, हे सगळे त्यात आहे. आचार्यांना स्वतःला काय वाटले, ते नाही. शिवाय या विधीच्या दारापर्यंत पोचण्याचा अधिकार कोणाला होता आणि बहुतेकांना तो कसा नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, जी पुढे राहिली नाही. शिष्य तयार झाला की नाही, हे गुरूच ठरवत असे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. तेव्हापासून बाहेर पडायचे दार शिक्षकाच्या हातून परीक्षेच्या हाती गेले. याचा परिणाम आपल्या निरोप समारंभाच्या तारखेत दिसतो. तो फेब्रुवारीत होतो, परीक्षेच्या आधी. कोण पास, कोण नापास, हे कोणालाच ठाऊक नसताना आपण सर्वांना सारखाच निरोप देतो. त्यातले काही तेव्हाच्या ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी खाली मान घालून पुन्हा फॉर्म भरायला येत, तेव्हा त्यांना आणि आम्हांलाही ओशाळल्यासारखे होई. खरा निरोप जूनमध्ये, दाखला नेताना, भाऊसाहेबांच्या टेबलाशी होतो. त्याला हार नसतो, भाषण नसते.

शिक्षकाच्या निरोपाची भाषणे सापडतात, पण ती शिक्षक स्वतः निघाला त्या वेळची. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. १९०२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी कॉलेजचा निरोप घेतला. त्या भाषणात त्यांनी समुद्रकाठी राहणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली. घर होते, शेती होती, कुटुंब होते, पण समुद्राची ओढ सुटेना. सगळे विकून त्याने होडी पाण्यात घातली. लाटांनी दोनदा परत लोटले. तिसऱ्यांदा समुद्राने त्याला गिळले. माझी अवस्था काहीशी तशीच आहे, असे गोखले म्हणाले. सार्वजनिक जीवनाच्या समुद्रात उतरणाऱ्याला कॉलेज म्हणजे काठावरचे घर वाटले. साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. १९३० साली तेही नोकरी सोडून सत्याग्रहात गेले.

हे दोघे काठ सोडून गेले. आमच्यासारखे बहुतेक शिक्षक काठावरच राहतात आणि होड्या जाताना बघतात. त्यांची नोंद कुठे शोधायची? मला वाटते, ती जनरल रजिस्टरात आहे. ‘वर्तणूक’ या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ‘चांगली’ लिहिलेले असते. वर्गात कान पिळलेल्या, बाकावर उभ्या केलेल्या मुलांपुढेही ‘चांगली’. हा शब्द सवयीने पडतो, हे खरे. पण हा कागद मुलाला जन्मभर पुरणार आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, आणि जाता जाता देण्यासारखे त्याच्याकडे तेवढेच असते.

त्याच्या शेजारचा रकाना वाचताना मात्र माझे हात थांबले. शाळा सोडल्याचे कारण. १९७५ च्या फोटोतल्या मुलांपुढे ‘एस. एस. सी. परीक्षा उत्तीर्ण’ असे होते. पण त्यांच्याबरोबर पाचवीत दाखल झालेली बाकीची नावे? ‘पालकांच्या विनंतीवरून.’ ‘गाव सोडले.’ ‘सतत गैरहजर, सबब नाव कमी.’ तारखा पाहिल्या. पुष्कळशा १९७२ च्या हिवाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतच्या. नव्या आकृतिबंधाची ही पहिली आठवी ज्या वर्षी सुरू झाली, ते बहात्तरच्या दुष्काळाचे वर्ष होते. घरची माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली, तिथे सुकडी मिळे, आणि मुले त्यांच्यामागे गेली. मी नोकरीवर आलो तेव्हा ही मुले आधीच गेलेली होती. फोटोत माझ्यामागे उभा असलेला वर्ग म्हणजे उरलेला वर्ग होता, हे मला तेहेतीस वर्षांनी कळले.

ही गोष्ट एका गावाची नाही. १९२९ च्या हार्टोग समितीने मोजले होते, की १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ पोचली. या प्रकाराला आपण मराठीत ‘गळती’ म्हणतो. छपराची असते तशी. जणू मूल आपोआप ठिबकून गेले, कोणी त्याला जाऊ दिले नाही. हे मान्य न करणारेही झाले. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा कुरणात गेली. आमच्या भागातल्या मुलांसाठीही पुढे साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे निघाली.

आणि मी? १९८४ साली मी नववीचा वर्गशिक्षक होतो आणि ग्रंथालयाचे कामही माझ्याकडेच होते. वर्गात एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडीला जात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बसत आणि पाडव्याच्या सुमाराला परतत. त्या वर्षी धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून त्यालाही नेणार होते. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. शाळेच्या ग्रंथालयातले एक पुस्तक त्याने नेलेले होते, वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले. म्हणाला, “सर, अर्धंच झालंय. बरोबर नेऊ का? पाडव्याच्या आत आणून देतो.” मी म्हणालो, नियमात बसत नाही, जमा कर. त्याने पुस्तक टेबलावर ठेवले आणि गेला. पाडवा झाला, वार्षिक परीक्षा झाली. जूनमध्ये हजेरीपटावरून मी त्याचे नाव कमी केले आणि रजिस्टरातही ती ओळ मीच लिहिली. दर फेब्रुवारीत कडुनिंबाखाली माझा गळा दाटून येई. या ओळीच्या वेळी तो दाटला नव्हता. ते कारकुनी काम होते.

समितीच्या बैठकीत मी सुचवले, की स्मरणिकेत दहावी झालेल्यांच्या यादीपुढे मध्येच शाळा सोडलेल्यांची नावेही छापावीत. तेही आपलेच विद्यार्थी. चर्चा बरीच झाली. एक सदस्य म्हणाले, “सर, भावना कळते. पण आज ते लोक आजोबा झालेत, कोणी सरपंच झालंय. ‘गैरहजर, नाव कमी’ असं पुस्तकात छापलेलं त्यांच्या नातवंडांनी वाचावं का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण न छापता नुसती नावे छापू म्हटले, तर यादी कशाची आहे हे न सांगताही कळणार होते. यादी छापली नाही. ते चुकले असे मला आजही म्हणता येत नाही.

जूनमध्ये, रजिस्टरे माझ्यापुढे उघडी असतानाच, एक माणूस कार्यालयाच्या दारात उभा राहिला. दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. मुलगी दहावी झाली होती, तिच्या जातीच्या दाखल्यासाठी वडिलांचा शाळेचा दाखला जोडायचा होता. नाव सांगितले तेव्हा मी वर पाहिले. भाऊसाहेबांना म्हणालो, राहू द्या, मी काढतो. पान सापडले. अक्षर माझेच. त्याने वाकून ओळ वाचली आणि हसला. म्हणाला, “बरोबर आहे सर. गैरहजरच होतो.”

दुसरी प्रत मूळ नोंदीबरहुकूम द्यावी लागते, त्यात एक अक्षर बदलता येत नाही. कारणाच्या रकान्यात मी तेच शब्द पुन्हा लिहिले. वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ होते, तेही उतरवले. मुख्याध्यापकांच्या सहीला शिपायाबरोबर कागद पाठवला आणि तोवर चहा मागवला. पुस्तकाचे मी विचारले. त्याला नाव आठवत होते, कुठल्या पानापर्यंत वाचले होते तेही आठवत होते. मला नाव आठवत नव्हते. एसटी येईपर्यंत मी त्याच्याबरोबर स्टँडवर उभा राहिलो. गाडीत चढताना त्याने पायरीवरून वळून “येतो सर” म्हटले. मी म्हणालो, “ये. मुलीलाही घेऊन ये.”

परत येऊन ग्रंथालयाचे कपाट उघडले. पुस्तक होते, पण त्यानंतर चोवीस वर्षांत ते कोणी नेल्याची नोंद नव्हती. कव्हर तेच होते, वर्तमानपत्राचे.