घाटीची पदवी आणि तीन नावे

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातला काळा चबुतरा १८५७ च्या बंडातील शिपायांना दिलेल्या देहदंडाची आठवण जपतो. बंड मोडले, मराठवाड्यावरची निजामाची सत्ता १९४८ पर्यंत टिकली.

त्या काळी मराठवाड्यातल्या मुलाला डॉक्टर होण्यासाठी हैदराबाद गाठावे लागे. उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकवले जाई. घरी मराठी बोलणाऱ्याला ही दुहेरी परीक्षाच.

१९५६ मध्ये औरंगाबादेतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला लोक ‘घाटी’ म्हणतात. सरकारी नाव कागदावरच राहिले. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ मध्ये, म्हणजे महाविद्यालय विद्यापीठाहून थोरले!

पदवीपत्रावरच्या नावाचा इतिहास मात्र रक्ताचा आहे. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव विद्यापीठाला लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. एमबीबीएस, नर्सिंग, आयुर्वेद यांच्या पदव्या तिकडे गेल्या. ज्या नावासाठी माणसांनी प्राण दिले, ते घाटीच्या मोजक्याच तुकड्यांच्या पदवीपत्रांवर आले.