सेल्फला सावली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ट्रकचा ड्रायव्हर ‘स्टार्टर मोटार’ असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो ‘सेल्फ’. ‘सेल्फ उचलत नाही’, ‘सेल्फ भरायला टाकलाय’ ही त्याची भाषा. ‘सेल्फ-स्टार्टर’ या इंग्रजी नावातलं पहिलं अर्ध आपण ठेवून घेतलं आणि तेच खरं महत्त्वाचं होतं. गाडी आपली आपण सुरू होते, कुणाला पुढे उभं राहून हँडल मारावं लागत नाही, याचं अप्रूप त्या शब्दात आहे.

हँडल मारणं हे जोखमीचं काम होतं. इंजिनानं उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. अमेरिकेतले मोटार उत्पादक बायरन कार्टर १९०८ साली वारले. कुणाची तरी बंद पडलेली गाडी सुरू करून देताना हँडलचा फटका बसला आणि त्यातून त्यांचा अंत झाला, अशी हकिकत सांगितली जाते. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी या घटनेनंतर हँडल हद्दपार करायचं मनावर घेतलं, असंही म्हणतात. काम आलं ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांच्याकडे.

विजेच्या मोटारीनं इंजिन फिरवायचा विचार त्यापूर्वीही झाला होता. पण हिशेब केला की मोटार एवढी मोठी निघायची की ती गाडीत मावणं कठीण. केटरिंग पूर्वी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते. गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की मोटारीला दिवसभर राबायचं नाही, क्षणभर जोर लावायचा आहे. मग लहान मोटारीला तिच्या कुवतीबाहेरचा करंट द्यायला काय हरकत आहे? काम संपलं की ती निवेल. याच विचारातून १९११ मध्ये सेल्फ तयार झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर बसला.

श्रोतेहो, सेल्फची सगळी ताकद अशी उसनी आहे आणि तिची परतफेड विश्रांतीनं होते. पण ही विश्रांती त्याला मिळते कुठे? त्याचं दातेरी चाक फ्लायव्हीललाच लागायला हवं, म्हणून त्याला इंजिनाच्या कुशीतच बसावं लागतं आणि शेजारून बऱ्याचदा धुराचा पाइप जातो. चढावर भरलेला ट्रक ओढताना डिझेल इंजिनाचा धूर पाचशे अंशांच्या घरात जाऊ शकतो.

गंमत म्हणजे गाडी चालत असताना सेल्फ तितका तापत नाही. पंख्याची आणि रस्त्याची हवा उष्णता वाहून नेते. गाडी थांबली की हवाही थांबते, पाणीही फिरायचं थांबतं आणि लालबुंद लोखंडाची सगळी धग शेजाऱ्याच्या अंगावर येते. इंजिन बंद केल्यावर काही वेळ सेल्फ तापतच राहतो. तांबं शंभर अंशांनी तापलं की त्याचा विजेला होणारा अडथळा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. सेल्फच्या पाठीवरच्या सोलेनॉइडला मग पुरेसा करंट मिळत नाही. किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज. अर्ध्या तासानं तीच गाडी निमूट सुरू होते. बॅटरी बदलली जाते, सेल्फ भरला जातो आणि दोष मात्र तिसरीकडेच असतो.

अमेरिकेत हा त्रास व्ही-८ इंजिनांनी गाजवला. सरळ रांगेच्या इंजिनात धूर एका बाजूनं काढून सेल्फ दुसऱ्या बाजूला ठेवता येतो. व्ही आकाराच्या इंजिनात धुराचे पाइप दोन्ही अंगांनी उतरतात, थंड बाजू उरतच नाही. शेव्हरोलेच्या १९५५ पासूनच्या व्ही-८ मध्ये सोलेनॉइड सेल्फवरच असे. फोर्डनं मात्र रिले लांब, बॉडीच्या पत्र्यावर बसवला होता. पुढे शेव्हरोलेच्या पिकअप ट्रकचे मालक चक्क फोर्डचा रिले आणून आपल्या गाडीला जोडू लागले! लांबच्या बारीक वायरीऐवजी जाड केबलनं करंट मिळू लागला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रायसलरनं गिअर लावून सेल्फ लहान केला. सेल्फ लहान झाला की पाइपापासून अंतर वाढतं.

आपल्याकडे मे महिन्यात मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या बाजूला ढाब्यांवर मी पाहिलं आहे, की इंजिन तसंच धडधडत ठेवून ड्रायव्हर जेवायला बसतो. बंद केलं आणि सेल्फ उचललाच नाही तर? दुसरा एखादा ट्रक मुद्दाम उतारावर लावतो आणि चाकाला दगड देतो. डिझेल जळतं ते या धास्तीपायी.

उपाय जुनाच आणि स्वस्त आहे. सेल्फ आणि पाइप यांच्यामध्ये चकचकीत पत्रा, दोन्हींपासून थोडा सुटा. चकाकी धग परतवते आणि मधली हवा ती पुढे जाऊ देत नाही. पत्रा सेल्फला चिकटला, तर तोच तवा होतो. पाइपालाच पट्टी गुंडाळली तर धग आत कोंडते, ओल धरते आणि पाइप गंजतो. तापलेल्या बिडाच्या भागावर पाणी मारलं तर त्याला तडा जाऊ शकतो.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर धुरातली काजळी गाळून जाळणाऱ्या गाळण्या आल्या. त्या साफ होताना सहाशे अंशांपर्यंत तापतात. म्हणजे गाडीखालची धग कमी झालेली नाही.

सेल्फ दुरुस्तीला उतरवताना हा पत्रा पहिल्यांदा निघतो, आणि बोल्ट गंजला म्हणून बऱ्याचदा गॅरेजच्या कोपऱ्यातच राहतो. गाडी ताब्यात घेताना मिस्त्रीला एवढंच विचारा, ‘पत्रा परत लावलात ना?’