धावपट्टी कोणाची?

भिवंडीतल्या एखाद्या शाळेच्या पटांगणात उभे राहून वर पाहिले, तर मुंबईकडे जाणारी-येणारी विमाने दिसतात. यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचा आवाज बहुधा विरूनच जातो. अशा शाळेतला एखादा मुलगा सुट्टीत पुण्याला मामाकडे लोहगावला जातो. परत आल्यावर वर्गात विचारतो, "सर, तिथे विमानतळावरून लढाऊ विमाने उडतात. कानावर हात ठेवावे लागतात. मग मुंबईच्या विमानतळावरून ती का उडत नाहीत?"

"पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा आहे म्हणून," असे एका वाक्यात उत्तर देता येईल. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. हवाई दलाचा विमानतळ प्रवाशांना कसा मिळाला, गोव्यात नेमके उलटे का घडले, आणि भिवंडीपासून फार दूर नसलेल्या एका धावपट्टीवरून आज काहीच का उडत नाही, हे पाहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

युद्धाने आखलेल्या धावपट्ट्या

मुंबईचा पहिला नागरी विमानतळ जुहूचा. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन उतरले ते इथेच. समुद्रकाठची ती जागा लहान होती. दुसरे महायुद्ध आले आणि जवळच सांताक्रूझ येथे मोठा तळ ब्रिटिश हवाई दलाने वापरात आणला. युद्ध संपल्यावर तो नागरी वाहतुकीला मिळाला. आज भिवंडीवरून जाणारी विमाने जिथे उतरतात, त्या विमानतळाचे बालपण असे लष्करी आहे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो, विशाखापट्टण आणि काकीनाडा येथे बॉम्ब टाकले. युद्ध भारताच्या दाराशी आले होते. त्या काळच्या लढाऊ विमानांचा पल्ला थोडा असे, म्हणून तळ जवळजवळ लागत. शिवाय सगळी विमाने एकाच ठिकाणी ठेवली तर एका हल्ल्यात सगळीच जाण्याची भीती. त्यामुळे देशभर घाईघाईने धावपट्ट्या आखल्या गेल्या. बेळगावजवळचे सांबरे आणि कल्याणच्या पुढे मलंगगडाच्या वाटेवरची नेवाळी या त्याच काळातल्या. लोहगाव थोडे आधीचे, १९३९ चे. मुंबईचे हवाई रक्षण हा त्याचा हेतू होता. या साऱ्या जमिनी कोणाच्या तरी शेतजमिनी किंवा गायराने होत्या. हा मुद्दा लक्षात ठेवू, शेवटी लागणार आहे.

लोहगाव: घर हवाई दलाचे, पाहुणे प्रवासी

लोहगाव १९४७ मध्ये ब्रिटिशांकडून भारतीय हवाई दलाकडे आले. तिथे राहून गेलेल्या विमानांची यादी म्हणजे लढाऊ विमानांचा लहानसा इतिहासच आहे. पंख्याची स्पिटफायर गेली, जेट इंजिनाची व्हँपायर आली. पुढे कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने आली, मिग-२१ आली. १९८७ मध्ये मिग-२९ आणि जून १९९७ मध्ये पहिली सुखोई-३० दाखल झाली. तिची सुधारलेली आवृत्ती, सुखोई-३० एमकेआय, २७ सप्टेंबर २००२ रोजी याच तळावर सेवेत आली. पुढे ही विमाने नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधली जाऊ लागली.

प्रवासी विमाने या घरात पाहुणी म्हणून आली. धावपट्टी एकच, सुमारे २,५०० मीटर लांबीची. तिची मालकी, देखभाल आणि हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे. विमानतळ प्राधिकरणाकडे आहे ती प्रवाशांची इमारत आणि विमाने उभी करण्याची जागा. पाहुण्याने घरमालकाची सोय पाहायची असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी विमानतळ दोन आठवडे पूर्ण बंद होता, तेव्हा पुणेकरांनी हे अनुभवले. २०२४ मध्ये प्रवाशांसाठी मोठी नवी इमारत सुरू झाली. पण इमारत वाढली म्हणून धावपट्टी वाढत नाही आणि तिच्यावरचे तासही वाढत नाहीत.

एवढा आवाज का?

विद्यार्थ्यांचे कुतूहल मात्र आधी आवाजाकडे वळते. इथे एक गंमत आहे. पुण्याहून उडणारे नव्या पिढीचे एअरबस ए-३२० घ्या. त्याला दोन इंजिने असतात आणि प्रत्येकाचा रेटा सुमारे १२ टन वजनाइतका. सुखोईलाही दोनच इंजिने, आणि आफ्टरबर्नर लावल्यावर प्रत्येकाचा रेटा सुमारे साडेबारा टन. म्हणजे रेटा जवळजवळ सारखाच! मग फरक कुठे आहे?

पहिला फरक वजनाचा. पूर्ण भरलेले ए-३२० सुमारे ७९ टनांपर्यंत भरते. नेहमीच्या भारासह सुखोई २५-२६ टनांच्या आसपास. तेवढ्याच रेट्याने तिपटीने हलकी वस्तू ढकलली की न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार त्वरण तिपटीने वाढते. जमीन सोडताना वेग सेकंदाला ७५ मीटर धरला आणि त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर वेगाचा वर्ग भागिले दुप्पट त्वरण या सूत्राने सुमारे १,४०० मीटर धाव लागते. त्वरण ६ असेल, तर ४७० मीटर पुरतात. हे आकडे ढोबळ आहेत, पण लढाऊ विमान धावपट्टीच्या सुरुवातीच्या भागातच का उचलते, ते यातून कळते.

दुसरा फरक रेटा निर्माण करण्याच्या रीतीचा. रेटा म्हणजे दर सेकंदाला मागे टाकलेल्या हवेचे वस्तुमान गुणिले तिला दिलेला वेग. प्रवासी विमानाचे इंजिन पुष्कळ हवा बेताच्या वेगाने ढकलते. त्याचा पुढचा मोठा पंखा इंजिनाच्या गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या दहा-अकरा पट हवा बाहेरून मागे लोटतो. लढाऊ विमानाचे इंजिन अरुंद असावे लागते. ते थोडी हवा फार वेगाने फेकते. त्यात आफ्टरबर्नर म्हणजे बाहेर पडणाऱ्या तप्त वायूतच आणखी इंधन फवारून पेटवणे. मागे दिसणारी ज्वाळा तीच.

ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये दाखवले की, झोताच्या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते. बाकी सारे तेच ठेवून वेग दुप्पट केला तर आवाजाची शक्ती २ चा आठवा घात, म्हणजे २५६ पट होते. आफ्टरबर्नरच्या अतिवेगवान झोतात आणखीही काही घटना भर घालतात. लोहगावच्या वर्गात शिक्षकाला खडू हातात धरून थांबावे लागते, त्यामागे हा आठवा घात आहे.

दाबोळी: उलटी गोष्ट

गोव्यातल्या दाबोळीची कथा उलट्या दिशेने जाते. हा विमानतळ पोर्तुगीज सरकारने १९५० च्या दशकात नागरी विमानतळ म्हणून बांधला. भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली होती, त्यामुळे बाहेरच्या जगाशी हवाई दुवा त्यांना हवा होता.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून उडालेली १२ कॅनबेरा विमाने दाबोळीवर आली. त्यांचे लक्ष्य फक्त धावपट्टी होते. प्रवासी इमारत आणि तिथे उभी असलेली विमाने टाळायची होती. पाठोपाठ आणखी ८ कॅनबेरा आली. सांबऱ्याच्या तळावरच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले. आपल्या गोष्टीतल्या एका विमानतळाने दुसऱ्यावर केलेला हा हल्ला.

धावपट्टीला खड्डे पडले, पण सारी धावपट्टी निकामी झाली नाही. त्या रात्री पोर्तुगिजांनी काही भाग घाईने ठीकठाक केला आणि तिथे उभ्या असलेल्या दोन्ही प्रवासी विमानांनी अंधारात उड्डाण केले. त्यांतले एक सुपर कॉन्स्टेलेशन होते. समुद्रावरून खालून उडत ती कराचीला पोहोचली. आखूड धावपट्टीवरून मोठे विमान कसे उडाले, हा प्रश्न वर्गात टाकण्याजोगा आहे. वरचे सूत्र पुन्हा पाहा. भार कमी असला की त्वरण वाढते. शिवाय हलक्या विमानाला उचलायला कमी वेग पुरतो, आणि धावेचे अंतर तर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते.

दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये दाबोळी नौदलाकडे आले आणि १९६४ मध्ये 'आयएनएस हंसा' हा तळ तिथे हलला. विमानवाहू जहाजांवरची विमाने किनाऱ्यावर राहायची ती इथे. आधी सी हॉक, १९८३ पासून सी हॅरियर, पुढे मिग-२९के. जहाजाच्या छोट्या डेकवरून उडण्याचा सराव करायला इथे चढण असलेली, स्की-जंप म्हणतात तशी, खास धावपट्टीही उभारली आहे. नौदलासाठीच्या तेजसने २० डिसेंबर २०१४ रोजी तिच्यावरून पहिले उड्डाण केले.

पर्यटक वाढत गेले, तशी ओढाताणही वाढली. अनेक वर्षे आठवड्यातील पाच दिवस सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवलेले असत. ८ जून २०१९ रोजी उडणाऱ्या मिग-२९के विमानाची इंधनाची बाहेरची टाकी धावपट्टीवर गळून पडली, आग लागली आणि सारी वाहतूक काही काळ थांबली. विमान सुखरूप उतरले. शेवटी गोव्याने पेडण्यातील मोपा येथे दुसरा विमानतळ बांधला. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून उड्डाणे सुरू झाली.

पुण्यानेही तोच मार्ग धरायचे ठरवले आहे. पण पुरंदर तालुक्यातील ज्या सात गावांत तो विमानतळ योजला आहे, तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. दोन घरमालकांचे भांडण मिटवायला तिसऱ्याचे शेत लागते, असा हा पेच आहे.

नेवाळी: विमाने नाहीत, प्रश्न आहे

आता भिवंडीच्या जवळ परत येऊ. नेवाळीच्या धावपट्टीवरून युद्धानंतर ना सांताक्रूझसारखी प्रवासी वाहतूक सुरू झाली, ना लोहगावसारखा हवाई तळ वाढला. आसपासच्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, जमिनी युद्धापुरत्या घेतल्या होत्या, युद्ध संपले तेव्हा त्या परत मिळायला हव्या होत्या. संरक्षण खात्याचे म्हणणे असे की, जमीन आपली आहे. दरम्यान तिथे पिढ्यान् पिढ्या शेती होत राहिली. नौदलाने कुंपणाचे काम सुरू केले आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलन हिंसक झाले. गाड्या जळल्या, पोलीस आणि गावकरी जखमी झाले. जपानी विमानांच्या भीतीने आखलेली धावपट्टी, जपानी विमाने कधीच न येता, पाऊणशे वर्षांनी पेटली.

याच ठाणे-रायगड पट्ट्यात दुसरेही उदाहरण आहे. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. त्याच परिसरातल्या नव्या विमानतळावर ११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचे सी-२९५ हे मालवाहू विमान प्रथम उतरले आणि एक सुखोई धावपट्टीवरून झेपावत गेले. नागरी विमानतळाचे उद्घाटन व्हायला तेव्हा एक वर्ष होते.

वर्गात काय करता येईल?

धावपट्ट्यांचे फोटो काढण्याची गरज नाही. संरक्षण तळांवर त्याला बंदीच असते. पण आकाश सगळ्यांचे आहे. डोक्यावरून विमान जाताना मुलांना डोळे मिटून आवाजाच्या दिशेने बोट दाखवायला सांगा, मग डोळे उघडायला सांगा. विमान बोटाच्या पुढे गेलेले असेल. एक किलोमीटर उंचीवरचा आवाज पोहोचायला सुमारे तीन सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला दीडशे मीटर वेगाचे विमान साडेचारशे मीटर पुढे जाते.

त्यानंतर मुलांना घरी एक प्रश्न विचारायला सांगा. आपल्या भागातला महामार्ग, धरण, कारखाना किंवा विमानतळ ज्या जमिनीवर आहे, ती आधी कोणाची होती? आजी-आजोबांना बहुतेक वेळा ठाऊक असते. त्या मुलाच्या प्रश्नाला मग पुरे उत्तर देता येईल. कुठल्या विमानतळावरून काय उडते, हे अभियांत्रिकीने जेवढे ठरवले, तेवढेच १९४२ च्या आणि १९६१ च्या घटनांनी ठरवले. आणि धावपट्टी कोणाची, या प्रश्नाला हवाई दल, नौदल आणि प्रवासी यांच्याखेरीज चौथे उत्तरही असते. ते उत्तर बहुधा नकाशावर नसते, जुन्या सातबाऱ्यावर असते.