घराणे, ध्वनिमुद्रिका आणि समीक्षकाची बाजू

साहित्याच्या समीक्षकाने स्वतः कविता लिहिलीच पाहिजे, अशी अट आपण घालत नाही. संगीताच्या समीक्षकाला मात्र 'तुम्ही कोणाकडे शिकलात?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. या प्रश्नात त्याच्या अधिकाराची चौकशी असते, तशीच त्याच्या पक्षपाताविषयीची शंकाही असते. जो शिकला तो कुठल्या तरी घराण्याचा झाला, आणि जो कुठलाच नाही त्याचे ऐकायचे कशासाठी, असा हा पेच आहे. मराठी संगीतसमीक्षेने तो दोन वेगळ्या रीतींनी सोडवू पाहिला.

पहिली रीत केशवराव भोळे यांची. 1930 च्या दशकात 'एकलव्य' या नावाने त्यांनी समकालीन गायकांवर जे लेखन केले, त्याचा निर्भीडपणा आजही जाणवतो. भोळे स्वतः गायक आणि संगीतदिग्दर्शक. ज्यांच्यावर लिहायचे त्यांच्याशीच व्यवसायात गाठ पडणार. टोपणनावाने त्यांना मोकळीक दिली. पण मुखवट्याची किंमत वाचकाला मोजावी लागते: लिहिणाऱ्याचा कान कोणत्या तालमीत तयार झाला आहे, हे त्याला त्याच पानावर कळत नाही.

दुसरी रीत वामनराव देशपांडे यांची. 'घरंदाज गायकी' (1961) या ग्रंथात त्यांनी स्वर आणि लय ही दोन टोके कल्पिली. किराणा घराणे स्वराच्या टोकाकडे, आग्रा लयीच्या टोकाकडे, आणि जयपूर घराण्यात दोहोंचा समतोल, अशी मांडणी केली. देशपांडे मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले. साहजिकच त्यांनी जयपूरला झुकते माप दिले, असा आक्षेप घेतला गेला. तो निराधार नाही. तथापि या आक्षेपासाठी लागणारी सामग्री खुद्द लेखकानेच पुरवली आहे. निकष उघड, तालीम उघड. वाचकाला तेवढे वजा करून पुढे जाता येते. समीक्षेतील सचोटी तटस्थतेत असते, या आपल्या समजुतीला येथे धक्का बसतो.

वजाबाकी करता येते, कारण पडताळा घेता येतो. आणि हा पडताळा ध्वनिमुद्रिकेने दिला. मुंबईतील मैफल संपली की तिच्यावरील अभिप्राय तेवढा उरे. पालघरच्या किनाऱ्यावरील मुरब्यासारख्या गावातल्या वाचकाला तो मुकाट्याने मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. तबकडी आणि आकाशवाणी यांमुळे तो वाचक प्रथमच समीक्षकाशी मतभेद व्यक्त करण्याइतका समर्थ झाला. (मुद्रिकेने गाणे लहान केले ही तक्रार आपण शतकभर करत आलो, तिने ऐकणाऱ्याला मोठे केले, हे मात्र क्वचितच म्हटले गेले.)

जवळजवळ त्याच सुमारास स्पेनमध्ये याच पेचाची आवृत्ती घडत होती. 1963 साली फ्लामेंको गायक अंतोनियो मायरेना आणि कॉर्दोबाचे कवी रिकार्दो मोलिना यांनी 'मुंदो इ फोर्मास देल कांते फ्लामेंको' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गानप्रकारांची वर्गवारी, त्यांची वंशावळ, आणि या साऱ्याच्या मुळाशी अंदालुसियातील जिप्सी समाजाचे श्रेष्ठत्व, असे त्याचे प्रतिपादन. मायरेना स्वतः त्याच समाजाचे, आणि आदल्याच वर्षी 'सुवर्णकिल्ली' या सर्वोच्च सन्मानाचे मानकरी झालेले. देशपांड्यांच्या ग्रंथाप्रमाणेच या ग्रंथाने विस्कळीत चर्चेला परिभाषा दिली. फरक असा, की देशपांड्यांनी पसंतीला सौंदर्यविचाराचा आधार दिला, तर येथे ती इतिहास म्हणून आली. सौंदर्यविचाराशी वाद घालता येतो. वंशावळीशी वाद घालणे म्हणजे कुळाचा अवमान.

परिणाम नव्या ध्वनिमुद्रिकांच्या स्वागतात दिसला. फ्लामेंकोत गिटार मुळात गायनाच्या साथीचे वाद्य; बारा मात्रांचे आवर्तन सांभाळत गायकाला जागा करून देणे हे तिचे काम. पाको दे लुसियाच्या एकलवादनाच्या तबकड्यांवर गायकच नाही. मग वादनाचे माप कशाने घ्यायचे? 1973 च्या 'फुएंते इ काउदाल'मधील एका रुम्बाने त्याला अफाट लोकप्रियता दिली. पुढे जॅझ वादकांसोबतच्या 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को'ने (1981) वेगाची चर्चा वाढवली. एका पक्षाला यात वाद्याची मुक्ती दिसली, दुसऱ्याला केवळ बोटांची कसरत. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते असे मानायला हरकत नाही. परंतु पहिला पक्ष तबकडीवर जे आहे त्याविषयी बोलत होता, आणि दुसरा तिच्यावर जे नाही त्याविषयी. कामारोन दे ला इस्लाच्या 'ला लेयेंदा देल तिएम्पो' (1979) या मुद्रिकेत लोर्काच्या कविता, विजेवरील बास, ड्रम्स आणि एका अंगाईत चक्क सतार आली, तेव्हा तिची विक्रीही झाली नाही आणि शुद्धतावाद्यांची नापसंतीही लपली नाही. आज ती फ्लामेंकोच्या इतिहासातील टप्पा मानली जाते.

आपल्याकडे हीच कसोटी कुमार गंधर्वांनी पाहिली. क्षयाच्या दीर्घ आजारानंतर ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा विलंबित ख्यालाची भरदार बढत त्यांच्यात नाही, असा आक्षेप वारंवार आला. आजाराने ते थोडक्यात आटपतात, असेही सहानुभूतीने म्हटले गेले. या सहानुभूतीला उत्तर तबकडीत आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या मुद्रिकेची सक्ती दीर्घ तबकडीने संपवली होती. एका बाजूला वीस मिनिटांचा अवकाश उपलब्ध होता. तरीही कुमारांच्या अनेक तबकड्यांत एकाच बाजूवर एकाहून अधिक रचना येतात. म्हणजे संक्षेप हा त्यांचा निर्णय होता, आणि मतभेद व्हायचाच तर त्या निर्णयाशी व्हायला हवा होता.

देशपांडे हे कुमारांचे निकटचे स्नेही; त्यांचे चिरंजीव सत्यशील कुमारांचे शिष्य झाले. घराण्यांचा समतोल मांडणाऱ्या समीक्षकाने घराण्याची चौकट न मानणाऱ्या मित्रावरही लिहिले. तेथे त्याचे निकष किती टिकले, किती लवचीक झाले आणि स्नेहाचा वाटा कोणता, हे पाहायचे तर ते लेखन 'घरंदाज गायकी'च्या शेजारी ठेवून, आणि कुमारांची तबकडी लावून, वाचावे लागेल.