औषध देणाऱ्या हातांना एवढं तरी माहीत हवं

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढा नागनाथ, मुलगी कुठल्याही तालुक्यातली असो, नर्सिंगला गेली की फार्माकॉलॉजी या नावानेच घाबरते. एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा कोर्स. दोन्हीकडे औषधांचं ज्ञान लागतंच. घरात आजारी माणसाला गोळ्या देणाऱ्यांनाही ते उपयोगी आहे, म्हणून आम्ही इथे मूळ गोष्टी सोप्या करून देत आहोत.

औषध शरीरात काय करतं?
गोळी पोटातून आतड्यात जाते, तिथून रक्तात शोषली जाते. बहुतेक औषधांचं रूप यकृत बदलतं आणि मूत्रपिंड ती बाहेर टाकतं. म्हणूनच तान्हं बाळ, वयस्कर दादी आणि किडनीचा रुग्ण यांचा डोस वेगळा असतो. शिरेतून दिलेलं इंजेक्शन थेट रक्तात जातं. तिथे चूक झाली तर सावरायला वेळ मिळत नाही.

पाच गोष्टी, दर वेळी
योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. रुग्णाला नाव विचारा. एकाच वॉर्डात दोन शेख, दोन पठाण असणं काही नवीन नाही. दिल्यावर लगेच नोंद करा.

नाव एक, ताकद वेगळी
सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मिलिग्रॅम म्हणजे औषध किती, मिलिलिटर म्हणजे पातळ किती. पॅरासिटामॉलच्या एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०, तर थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला डॉक्टरांनी १२० मिलिग्रॅम सांगितलं, तर पहिल्यातून ५, दुसऱ्यातून २.४ आणि थेंबांतून फक्त १.२ मिलिलिटर द्यायचं. थेंबांचंच औषध 'एक चमचा', म्हणजे ५ मिलिलिटर दिलं, तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं, चौपटीहून जास्त. असा जादा डोस यकृताला इजा करतो. दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर ठेवा आणि २४ तासांत चारहून जास्त वेळा देऊ नका.

इन्सुलिनचंही तसंच. ४० युनिटच्या बाटलीला ४० ची, लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटचं इन्सुलिन त्या सिरिंजने काढलं तर अडीचपट जातं आणि साखर धोकादायक उतरते.

रमजानमध्ये
गोळ्या सहरी-इफ्तारला आपल्या मनाने सरकवू नका. मधुमेहाची काही औषधं सहरीला घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येते. रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून वेळ आणि मात्रा ठरवून घ्या. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं किंवा साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडून लगेच काहीतरी गोड द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

लाल रेघ
पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. शेजाऱ्याची उरलेली अँटिबायोटिक्स घेणंही बंद करा.

शिकणाऱ्या मुलींना आमचं एवढंच सांगणं: अक्षर लागलं नाही, हिशोब जुळला नाही, तर सिस्टरला किंवा डॉक्टरला पुन्हा विचारा. विचारण्यात लाज नाही. अंदाजाने औषध मात्र कुणालाही देऊ नका.