तुरुंगात कातलेलं सूत

26 मार्च 1942 रोजी अलाहाबादच्या आनंद भवनात इंदिरा नेहरूंचं लग्न झालं. नवरी फिकट गुलाबी खादीची साडी नेसली होती. त्या साडीचं सूत वडिलांनी तुरुंगात बसून कातलं होतं.

पुढच्या दोन वर्षांच्या आत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. त्यांना शेवटची नेसवलेली साडीही अशीच, नवऱ्याने कातलेल्या सुताची.

चरखा म्हटलं की आपल्याला शाळेतलं पाच मार्कांचं उत्तर आठवतं: स्वदेशी, परदेशी कापडाची होळी, मँचेस्टरच्या गिरण्या. ते खरंच आहे. पण चरखा फिरवणाऱ्या माणसाला त्या क्षणी काय मिळत होतं, हे त्या उत्तरात येत नाही. ते बघायचं तर तुरुंगात जावं लागतं.

आधी थोडा हिशोब. पाच मीटर लांब आणि साधारण सव्वा मीटर रुंदीची साडी घ्या. इंचाला 40 उभे, 40 आडवे धागे धरले तर एका साडीत 18 ते 20 किलोमीटर सूत जातं. सुताचं माप तारेत चालायचं. एक तार म्हणजे चार फूट, आणि 160 तारा म्हणजे एक लटी. गांधींच्या आश्रमात रोज निदान एक लटी कातायचा नेम होता. त्या वेगाने एका साडीपुरतं सूत व्हायला तीन महिने लागतात. बाहेरच्या माणसाला तीन महिने काढायचे म्हणजे जिवावर येतं. तुरुंगात मात्र काढायला दिवसच दिवस असतात.

नेहरूंनी आत्मचरित्रात 1930 सालच्या नैनी तुरुंगातला दिनक्रम सांगितला आहे. दिवसातले तीनेक तास चरखा, मग आणखी दोन-तीन तास खाटेची नवार विणणं. या कामांनी फार ताण येत नसे, फार लक्षही द्यावं लागत नसे, आणि डोक्यातली तगमग निवत असे, असं ते लिहितात. हा माणूस यंत्रयुगाचा चाहता. चरख्याच्या अर्थशास्त्राबद्दल त्यांचे आणि गांधींचे मतभेद जगजाहीर होते. तरीही कोठडीत हात चरख्याकडेच गेले.

येरवड्याची गोष्ट आणखी जुनी. मार्च 1922 मध्ये शिक्षा होऊन गांधी तिथे आले तेव्हा चरखा आत नेऊ देईनात. रोज कातल्याशिवाय जेवायचं नाही असा आपला नेम आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि मग परवानगी मिळाली. पुढच्या कारावासात तिथेच त्यांच्या हाती छोटा पेटीचरखा आला: दोन चाकं, एक चाती, आणि झाकण लावलं की बॅगेसारखी उचलून नेता येणारी पेटी. त्याचं नावच ‘येरवडा चक्र’ पडलं. नंतर तिथे वल्लभभाई पटेलही सोबत होते. ते रद्दी कागदांची पाकिटं करत बसायचे. ज्याच्या त्याच्या हाताला काहीतरी लागतंच.

मी एकदा टकळी चालवून पाहिली. एका हाताने टकळीला गिरकी द्यायची, दुसऱ्या हाताने पेळू हलकेच वर ओढायचा. घाई केली की तुटतं. मनात कुणाशी भांडण चालू असेल तरी तुटतं, कारण बोटं नकळत आवळतात. मग तुटलेलं टोक पेळूला लावून पुन्हा सुरुवात. पहिल्या अर्ध्या तासात बहुतेक वेळ मी टोकंच जोडत होतो. पण त्या अर्ध्या तासात फोनची आठवण झाली नाही, हेही खरं.

हे सक्तीने होत नाही, याचा पुरावा आपल्या जवळचाच आहे. 1924 च्या बेळगाव अधिवेशनात, गांधी अध्यक्ष असताना, काँग्रेसच्या सभासदाने महिन्याला 2000 वार सूत द्यावं असं ठरलं. ज्याला कातायचं नसेल त्याने दुसऱ्याकडून कातून घ्यावं, अशी सोयही ठेवली होती. अनेकांनी सोयच वापरली. वर्षभरात हा नियम सैल करावा लागला. मला यात गांधींचा हट्ट दिसतो. स्वतःला जे औषध लागू पडलं ते त्यांनी सगळ्यांना एकाच मापाने पाजायला घेतलं.

आगाखान पॅलेस दिसायला महाल, पण ऑगस्ट 1942 पासून तो तुरुंगच होता. अटकेनंतर सहाव्या दिवशी, 15 ऑगस्टला महादेवभाई देसाई तिथे गेले. कस्तुरबांचं हृदय दुबळं झालं होतं, दुखणं वाढतच गेलं. बापूंच्या सुताची एक साडी त्यांनी जपून ठेवायला सांगितली होती, अखेरच्या वेळेसाठी. कैदेत नवऱ्याकडे बायकोला द्यायला दुसरं होतंही काय?

22 फेब्रुवारी 1944 च्या संध्याकाळी त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आवारातच, महादेवभाईंच्या समाधीशेजारी, चिता रचली. गांधींना आत जाऊन विसावा घ्यायला सांगितलं, तरी ते चितेसमोरून उठले नाहीत. त्यांच्या कित्येक तासांचं सूत त्या साडीबरोबर जळत होतं.

6 मे 1944 ला त्यांची सुटका झाली. बाहेर पडण्याआधी ते दोन्ही समाध्यांपाशी जाऊन आले.