पालवणकर, बाळू
(१९ मार्च १८७६ – ४ जुलै १९५५). विख्यात भारतीय क्रिकेटपटू व डावखुरे मंदगती गोलंदाज. क्रिकेटच्या बळावर अखिल भारतीय कीर्ती संपादन करणारे, तत्कालीन अस्पृश्य समाजातील ते पहिले थोर खेळाडू होत. त्यांचा जन्म धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. कोकणातील पालवण ह्या मूळ गावावरून कुटुंबास पालवणकर हे आडनाव पडले. वडील लष्करी सेवेत असल्याने बाळूंचे बालपण पुण्यात गेले. शिवराम, गणपत व विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही पुढे नामांकित क्रिकेटपटू झाले.

त्या काळी इंग्रज अधिकारी व संस्थानिक हे हौसेने खेळत, तर मैदानाची निगा राखणारे आणि सरावासाठी गोलंदाजी करणारे पगारी नोकर असत. बाळूंच्या कारकीर्दीचा आरंभ ह्या दुसऱ्या वर्गात झाला. पुण्यातील पारशी क्लबमध्ये दरमहा तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे व तीवर रूळ फिरविण्याचे काम ते करीत. सु. १८९२ मध्ये ते चार रुपये वेतनावर युरोपीयांच्या पूना क्लबमध्ये लागले. तेथे जे. जी. ग्रेग ह्या नामवंत फलंदाजाला ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. आपल्याला बाद केल्यास ग्रेग दर खेपेस आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. मात्र नोकराच्या हाती फलंदाजीसाठी बॅट दिली जात नसे. परिणामी बाळू गोलंदाजीतच निष्णात झाले. चेंडूचा टप्पा, उंची व वेग बदलत तो दोन्ही बाजूंस वळविण्यावर त्यांनी प्रभुत्व मिळविले.

युरोपीयांवर मात करण्याच्या ईर्षेने पुण्याच्या हिंदू क्लबने त्यांना संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मुंबईस आले. तेथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास काही सदस्यांनी विरोध केला, पण त्यांच्या गोलंदाजीची गरज अखेर श्रेष्ठ ठरली. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाल्यावर ते तिच्या संघातूनही खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत झालेल्या सामन्यात हिंदू संघाने युरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्यात बाळूंनी दोन डावांत मिळून आठ बळी घेतले. ह्या विजयाचे महत्त्व केवळ क्रीडाविषयक नव्हते. चर्मकार खेळाडूंना संघात घेण्याच्या निर्णयाची दखल इंडियन सोशल रिफॉर्मर ह्या नियतकालिकाने सामाजिक सुधारणेचे एक पाऊल म्हणून घेतली. १९०७ पासून सुरू झालेल्या तिरंगी व १९१२ नंतरच्या चौरंगी सामन्यांत बाळू हे हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. तथापि बाळूंनी प्रत्येक बळीस १९ हून कमी धावांच्या सरासरीने ११४ बळी मिळविले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी एकूण १७९ बळी मिळविले (सरासरी १५·२१).

एवढी कामगिरी असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. अनुभव व नैपुण्य ह्यांच्यापेक्षा जात वरचढ ठरत असल्याची भावना पालवणकर बंधूंत दृढ झाली. १९२० मध्ये बाळूंना वगळण्यात आले व कर्णधारपदासाठी विठ्ठलचाही विचार झाला नाही, तेव्हा विठ्ठल व शिवराम ह्यांनी संघातून माघार घेऊन उघड निषेध नोंदविला. अखेर तडजोड होऊन बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले. कर्णधार एम. डी. पै मैदानाबाहेर असताना काही काळ संघाचे नेतृत्वही त्यांनी केले. विठ्ठल १९२३ मध्ये रीतसर कर्णधार झाले व त्या वर्षी हिंदू संघ विजयी ठरला. हा मान आपल्या घराण्यात आल्याचे बाळूंना पाहावयास मिळाले, परंतु तोवर त्यांची स्वतःची कारकीर्द संपली होती.

निवृत्तीनंतर ते राजकारणात उतरले. संयुक्त मतदारसंघाचा त्यांनी पुरस्कार केला. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. मुंबई विधानसभेच्या १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईतील भायखळा–परळ मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्याविरुद्ध उभे केले. परळ, भोईवाडा, नायगाव ह्या परिसरातील गिरणीकामगार व दलित वस्तीला दोघेही सुपरिचित होते. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्या समाजाने बाळूंच्या यशात स्वतःचा गौरव पाहिला होता, त्याने राजकीय नेतृत्वासाठी आंबेडकरांची निवड केली.

धाकटे बंधू विठ्ठल ह्यांच्या माझे क्रीडा-जीवन (१९४८) ह्या आत्मचरित्रातून ह्या घराण्याचा वृत्तांत उपलब्ध होतो. बाळू पालवणकर ह्यांचे मुंबई येथे निधन झाले.